मानेचा काही त्रास नाही

"मान, पाठ, कंबर, काही त्रास?" हा प्रश्न मी रोज शेकडो माणसांना विचारते आणि त्यातली कितीतरी माझ्या तोंडावर खोटं बोलतात. "नाही हो, काही नाही." वर हसतात. काही तर शेजारच्याला डोळा मारतात, बघ हिला कसं गंडवलं म्हणून. अरे बाबांनो, मान तुमची आहे. मोडली तर मला काय तिचं लोणचं घालायचंय?

मी एका मोठ्या करमणूक उद्यानात कामाला आहे. छातीवरच्या बिल्ल्यावर माझा हुद्दा चांगला लांबलचक लिहिलाय, पण घरीदारी सगळे पाळणेवालीच म्हणतात. उद्यानातला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर बहुतेक वेळा माझ्याकडे असतो. त्याचं खरं नाव इतकं भपकेबाज आहे की घ्यायला लाज वाटते. आम्ही काम करणारे त्याला 'घुसळण' म्हणतो. अठ्ठावीस माणसं बसतात, साखळी त्यांना वर ओढत नेते, तिथून गाडी खाली सुटते, दोनदा डोकं खाली पाय वर करते, आणि तिसऱ्या वळणावर असा हिसका देते की प्रत्येकाचं डोकं खांद्यावरच्या दांड्याच्या गादीवर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे आपटतं. धडधाकट माणूस किंचाळतो आणि हसतो. ज्याच्या मानेच्या मणक्यात बिघाड आहे तो गाडी परत आल्यावर गप्प बसून राहतो, आणि आम्हाला स्ट्रेचर बोलवावं लागतं. मी हे दोनदा पाहिलंय. दुसऱ्या वेळची बाई माझ्याच वयाची होती. तिलाही मी विचारलं होतं. "नाही हो," म्हणाली होती.

तेव्हापासून मी माणसांच्या शब्दावर जायचं सोडलं. रांग फलाटावर आली की मागून हाक मारते, "अहो, तुमचा रुमाल पडला!" चांगल्या मानेचा माणूस झटकन मान वळवतो. दुखऱ्या मानेचा माणूस आधी पाय वळवतो, मग कंबर, मग खांदे. खोलीतलं कपाट सरकवावं तसा अख्खा वळतो. पाठ धरलेला माणूस रुमाल शोधायला वाकत नाही, गुडघे मोडून खाली बसतो. अशांना मी रांगेतून बाजूला काढते. ते चिडतात. मग मी त्यांच्याहून जास्त चिडते, आणि चिडण्यात मला हरवणारा माणूस अजून तरी त्या फलाटावर आलेला नाही.

शिवाय बटण माझ्या हातात असतं. घुसळणीला दोन हिरवी बटणं आहेत. एक वर काचेच्या खोलीत, तिथे आमचा केबिनवाला बसतो. दुसरं फलाटावर, माझ्या अंगठ्याखाली. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. साहेब आले, साहेबांचे साहेब आले, तरी हलत नाही.

साहेबांचा यावरून माझ्यावर राग होता. साहेब म्हणजे आमचे सुपरवायझर. माझ्याबद्दल तक्रारी आल्या की मला बोलावून घ्यायचे आणि दर वेळी तेच तुणतुणं वाजवायचे. "तुमचं काम विचारायचं. ते नाही म्हणाले की तुमची जबाबदारी संपली. तुम्ही काय डॉक्टर आहात?"

"नाही. पण तुम्ही तरी कुठे आहात?" एकदा मी म्हणाले. तेव्हापासून ते मला अधूनमधून बोटींवर पाठवायला लागले. तळ्यात पायाने चालवायच्या बोटी. तिथे कोणाची मान मोडत नाही आणि माझं तोंडही बंद राहतं, असा त्यांचा हिशेब.

माझे हे सगळे पराक्रम मी घरी जेवताना सांगायची. नुसते सांगायची नाही, उठून करून दाखवायची. रुमाल पडला म्हटल्यावर लठ्ठ काका कसे वळले, कंबर धरलेल्या काकू कशा खाली बसल्या. आमची बुटकी हसून हसून ताटावर कोसळायची. बुटकी म्हणजे आमची मुलगी, दहा वर्षांची. घुसळणीसाठी लागणारी उंची तिला दोन वर्षं काही केल्या गाठता येत नव्हती, म्हणून हे नाव पडलं. आणि तिच्याहून जास्त हसायचे ते तिचे बाबा. माझा नवरा शाळेची बस चालवतो. बारा वर्षं झाली. मुलं त्यांना बसकाका म्हणतात, बुटकीही त्यांच्याच बसने शाळेत जाते. "तुझ्या हातून सुटणं कठीण आहे बाई," ते म्हणायचे, आणि मी फुगून जायची.

वर्षातून एक रविवार आमच्या उद्यानात कामगारांच्या घरच्यांसाठी असतो. या वर्षी बुटकीची उंची भरली होती. बाबांबरोबरच बसणार, पहिल्या डब्यात बसणार, हे तिने सहा महिने आधी ठरवून टाकलं होतं. त्या रविवारी माझी पाळी बोटींवर लागली. आदल्या दिवशी ह्यांनी मला दोनदा विचारलं, "उद्या दिवसभर बोटींवरच ना?" मला वाटलं, दुपारी डबा एकत्र खायचा विचार असेल. मी खूश झाले. काय बावळट असते मी कधीकधी!

दुपारी घुसळणीवरच्या मुलीला चक्कर आली आणि साहेबांनी नाइलाजाने मला तिथे पाठवलं. मी फलाटावर पोचले तर रांगेत पहिलीच ही दोघं. बुटकी एका पायावर नाचत होती. ह्यांनी मला पाहिलं आणि चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मला तेव्हाही काही कळलं नाही. म्हटलं, उंचीला घाबरलेत. चला, जरा गंमत करू. मी रांगेच्या मागच्या बाजूला गेले आणि ओरडले, "ओ बसकाका, रुमाल पडला तुमचा!"

बुटकी गर्रकन वळली आणि खिदळली. हे वळले नाहीत. समोर बघतच म्हणाले, "माझ्याकडे रुमाल नाहीये."

इतकं सपाट बोलले की मला शंका आली. ज्या माणसाने या नकलेवर टाळ्या पिटल्या, तो वळून एक वेडंवाकडं तोंडसुद्धा करत नाही? मी दोन पावलं अजून मागे गेले. जे केलं ते करायला नको होतं, हे मला माहीत आहे. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "बुटकी पडली!"

बुटकी त्यांच्या हाताच्या अंतरावर उभी होती. कुठल्याही बापाची मान आधी वळली असती. ह्यांचे आधी पाय वळले, मग कंबर, मग खांदे. अख्खे वळले. आणि वळताना उजव्या हाताने कठडा असा घट्ट धरला की बोटं पांढरी पडली, तोंड वेदनेने वाकडं झालं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती मला त्या दिवशी पायऱ्या मोजत वर जाताना कळली. तीन-चार महिने ह्यांनी उशी घ्यायची सोडली होती, "उकडतं" म्हणून. टीव्हीसमोरची खुर्ची तिरकी होती ती सरळ करून घेतली होती. रस्त्याने चालताना बुटकीला सारखं उजव्या बाजूला ये म्हणायचे. हे सगळं मी पाहिलं होतं. जगाच्या माना तपासून तोऱ्यात घरी येणाऱ्या मला माझ्या शेजारी झोपणाऱ्याची मान दिसली नाही. त्यांचा राग आला, त्याच्या दुप्पट स्वतःचा आला.

"बाहेर या," मी म्हणाले.

"अगं, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत. बाहेर या."

"काही नाही गं, झोपेत जरा लचकलीय."

"बाबा, चल ना!" बुटकी त्यांचा हात ओढत होती, आणि प्रत्येक ओढीबरोबर त्यांचे डोळे मिटत होते. मागची रांग कुरकुरायला लागली. बाकीचे सव्वीस जण आपापल्या जागी बसले होते. वरून केबिनवाला काचेवर टकटक करत होता. तेवढ्यात साहेब आले.

"आता काय झालं? आजच्या दिवशी तरी तमाशा नको."

"ह्यांच्या मानेला दुखापत आहे. बसवणार नाही."

साहेब ह्यांच्याकडे वळले. "मानेचा काही त्रास आहे का?"

"नाही साहेब, काही नाही," माझा नवरा हसून म्हणाला. तेच हसू. रोज शेकडो तोंडांवर बघते ते. फक्त आज ते आमच्या घरातलं होतं.

"झालं तर! ते नाही म्हणतायत. दाबा बटण."

"तुम्हीच दाबा. माझा अंगठा नाही दाबायचा."

"आई, तू नेहमी सगळ्यांची मजा घालवतेस!" बुटकी रडायला लागली. ते मात्र मला लागलं. मी म्हणाले, "तू बस. तुला कोणी अडवलंय? तुझ्या शेजारी साहेब बसतील. बसा हो साहेब."

साहेब एकदम मागे सरले. "मी? नाही, नाही. माझी कंबर... म्हणजे मला डॉक्टरांनी..." मग त्यांच्याच लक्षात आलं की आपण काय बोलतोय. मागून कोणीतरी फिसकन हसलं. साहेब तोंड मिटून निघून गेले. बुटकी डोळे पुसत एकटीच पहिल्या डब्यात बसली. मी तिचा दांडा दोनदा ओढून पाहिला, परत येऊन बटण दाबलं, आणि साखळी खडखडत गाडी वर घेऊन गेली.

घुसळणीची एक फेरी अडीच मिनिटांची. तेवढ्या वेळात माझ्या नवऱ्याने मला कठड्यापाशी उभं राहून सगळं सांगितलं. म्हणजे मी काढून घेतलं.

चार महिन्यांपूर्वी बसचं जादा चाक वर चढवताना मानेत कळ आली. आठवड्याने डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. गुपचूप डॉक्टरकडे जाऊन मानेचा एमआरआय केला. दोन मणक्यांमधली गादी सरकून शीर दाबतेय, हिसका बसू देऊ नका, गाडी चालवू नका, पट्टा वापरा, असं डॉक्टरने बजावलं. पट्टा बसमध्येच सीटखाली ठेवलेला होता. मुलं उतरली की लावायचा, घरी यायच्या आधी काढायचा.

"आणि आता हात?"

"करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जरा बधिर असतं. बाकी ठीक आहे."

"दोन महिन्यांपूर्वी तर शाळेने सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी केली!"

"केली की. डॉक्टरने विचारलं, काही त्रास? मी नाही म्हटलं. त्याने सही केली."

वर गाडी टोकाला पोचली होती. क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि सुटली. सगळे किंचाळले. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतका वेळ मी घुसळणीचाच विचार करत होते. अडीच मिनिटांचा. ह्यांची मान वळत नाही, हात बधिर आहे, आणि हा माणूस रोज सकाळ-दुपार चाळीस मुलं घेऊन रस्त्यावर फिरतोय.

"बस मागे घेताना कसं बघता?"

ते कठड्यावरचा रंग नखाने खरवडायला लागले.

"कसं बघता, मी काय विचारतेय?"

"आरसे आहेत. आणि बसमधली ताई उतरून सांगते."

"आणि मध्येच एखादं पोर बाजूने आलं तर?"

"आजवर आलंय का?"

मी त्यांना मारलं नाही एवढंच. हातात ताकद होती, मनातही होतं. "आपली पोर आहे त्या बसमध्ये," मी म्हणाले. "आणि आपली नसती तरी!"

"मग मी काय करू?" ते पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "सांगितलं की दुसऱ्या दिवशी घरी बसवतील. मला दुसरं काय येतं? बारा वर्षांत एक ओरखडा नाही गाडीला. मुलं लांबून पळत येतात, बसकाका म्हणून. घरी बसून काय करू, भिंती मोजू?"

"उद्यापासून तुम्ही बस चालवणार नाही," मी म्हणाले. "आज शाळेत सांगा. नाहीतर मी सांगते."

गाडी आत आली. बुटकीचे केस उभे राहिले होते, गाल लाल झाले होते. "अजून एकदा! बाबा, तुला इतकी मजा आली असती!" ह्यांनी उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

संध्याकाळी मी घरी आले तर हे म्हणाले, "केला फोन. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर येईल. सकाळी मी चाव्या देतो आणि तसाच दवाखान्यात जातो."

"नक्की?"

"नक्की."

मी विश्वास ठेवला. नवरा होता माझा. इतकं बोलून गेले होते मी, आता निदान जेवण तरी नीट होऊ दे, असं वाटलं. त्यांना उशीशिवाय नीट झोपता यावं म्हणून मी चादरीची घडी करून मानेखाली ठेवली.

सकाळी ते नेहमीच्या वेळेला निघाले. मी बुटकीला घेऊन चौकातल्या थांब्यावर गेले. नवा ड्रायव्हर कसा आहे तेही बघायचं होतं. थांब्यावर रोजच्या पाच-सहा आया होत्या. बँकेत काम करणारी माझी मैत्रीण तिच्या लहानग्या मुलीच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. पिवळी बस कोपऱ्यावरून वळली. काचेमागे आमचे हे. मान ताठ, नजर समोर, हात चाकावर.

मला रडायला आलं नाही, ओरडायलाही आलं नाही. कानात नुसता आवाज घुमायला लागला. बस थांबली, दार उघडलं, बसमधली ताई खाली उतरली. मुलं सरसावली. मी बुटकीला मागे ढकललं आणि दारात आडवा हात घातला.

"कोणी चढायचं नाही."

"काय झालं गं?" बँकवाली म्हणाली.

"अगं, बाजूला हो," हे आतून दबक्या आवाजात म्हणाले. "घरी बोलू."

"काल घरीच बोललात ना!" मी बायकांकडे वळले. "ह्यांची मान वळत नाही. चार महिने झाले. मणक्यातली गादी सरकलीय, डाव्या हाताची दोन बोटं बधिर आहेत. डॉक्टरने गाडी चालवायला बंदी केलीय. पोरांना चढवू नका."

बँकवालीने आत डोकावून विचारलं, "हो का काका? खरं का हे?"

"नाही हो, काही नाही," हे हसून म्हणाले. "मान जरा अवघडली होती, हिने लगेच बाऊ केला. हिचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे."

बँकवालीने माझ्याकडे बघितलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे. "काका तर नाही म्हणतायत," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, आणि तिने पोरीला पुढे केलं. त्या चिमुरडीने माझ्या हाताखालून वाकून पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तिच्यामागे दुसरी आई सरकली. उशीर सगळ्यांनाच होत होता.

मग मी त्या पोरीला ओलांडून बसमध्ये चढले. ह्यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता. मी तो हळूच हातात घेतला. त्यांना वाटलं, मी शांत झाले. ते समोरच्या आरशातून दारातल्या बायकांकडे बघत हसत बोलतच राहिले. "चला, चला, चढा पटापट, शाळेची घंटा होईल." मी त्यांची करंगळी पकडली आणि नखाशेजारच्या मांसात माझं नख खुपसलं. सगळा राग त्या एका नखात आणून दाबलं. रक्त आलं. अजून दाबलं. रक्ताचा ओघळ बोटावरून मनगटाकडे जायला लागला.

"खरंच काही नाही हो," हे म्हणत होते. "एकदम ठणठणीत आहे मी."

बँकवालीची नजर त्यांच्या हाताकडे गेली. तिने तोंडावर हात घेतला. मग पायरीवरच्या पोरीचं दप्तर धरून तिला मागे खेचलं, इतक्या जोरात की पोर रडायला लागली. बाकीच्या बायाही आत बघायला लागल्या. हसता हसता ह्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांचे डोळे आपल्या हाताकडे आहेत. त्यांनी बघायचा प्रयत्न केला. मान खाली जाईना. शेवटी त्यांनी हात माझ्या हातातून सोडवून डोळ्यांसमोर वर धरला, आणि रक्ताने भरलेलं ते बोट बघत राहिले.

"हे कधी लागलं?" त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं.

त्यांनी उजव्या हाताने चावी फिरवली आणि बस बंद केली. बाहेर बुटकी उभी होती, तिने सगळं पाहिलं होतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. रागानेच रडले.